जाफन्यातल्या चार रात्री (श्रीलंका, नल्लूरजवळचा होमस्टे)

स्टार पाच दिलेत पण आधी तक्रारी सांगून टाकतो. पंखा कटकट आवाज करतो, पाणी जड आहे त्यामुळे साबणाला फेस येत नाही, संध्याकाळी डास येतात, एसी एकाच खोलीला आहे आणि ती खोली आम्हाला मिळाली नाही, आणि बुकिंगच्या ॲपवर जो पिन दाखवतात तो दोन गल्ल्या पलीकडं जातो, तिथं उतरून आम्ही उन्हात अर्धा तास बॅगा घेऊन फिरलो. एवढं असून मी तिथं चार रात्री राहिलो आणि त्यातल्या दोन रात्री सकाळी सातपर्यंत झोपलो. वाचणाऱ्याला यात काय विशेष असं वाटेल, पण आमच्या मंडळींना विचारा, एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं मला सातपर्यंत झोपलेलं कधी बघितलं नव्हतं, दवाखान्यात ॲडमिट होतो तेव्हासुद्धा नाही. म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय, नातीनं मोबाईलवर बोलून टाईप करायला शिकवलंय, चुकाबिका असतील तर समजून घ्या.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा रिटायर्ड हवालदार, सातारा जिल्हा. १९८७ च्या ऑक्टोबरात एएन-३२ विमानाच्या पोटात बसून जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर उतरलो तेव्हा माझं वय २१ होतं. आयपीकेएफ म्हणजे भारतीय शांतीसेना, आजच्या पोरांना नावही माहीत नसतं म्हणून थोडक्यात सांगतो. श्रीलंकेत १९८३ पासून सिंहली सरकार आणि वेगळं तमिळ राज्य मागणारे तमिळ टायगर यांची लढाई पेटली होती, २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि तिथले राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, आणि आपलं सैन्य तिथं शांतता राखायला गेलं. सुरुवातीला लोकांनी हार घातले असं आधी पोचलेले सांगायचे. आम्ही पोचलो तोवर सगळं उलटलं होतं, १० ऑक्टोबरला ऑपरेशन पवन, म्हणजे टायगरच्या हातून जाफना काढून घ्यायची लढाई, सुरू झालं, ज्यांच्या रक्षणाला गेलो त्यांच्याच गल्ल्यांत शिरून लढायची वेळ आली. टायगरकडं एके-४७ आणि आमच्याकडं जुनी एसएलआर रायफल, रस्त्यात पुरलेले सुरुंग, दोन्ही बाजूला ताडाच्या झावळ्यांची उंच कुंपणं आणि पलीकडं कोण आहे ते दिसत नाही. हजाराच्या वर आपली पोरं तिथं मारली गेली. ८ महार पलटणीचे मेजर परमेश्वरन यांना २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथंच वीरमरण आलं, त्यांना परमवीर चक्र मिळालं, एवढं तरी सगळ्यांना ठाऊक असावं.

आणि दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर हा रिव्ह्यू खोटा होईल. २१ ऑक्टोबरला जाफन्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आपल्या सैन्याच्या गोळीबारात पेशंट, डॉक्टर, नर्सेस मेले, तिथले लोक दरवर्षी त्या तारखेला त्यांना आठवतात. मी त्या हॉस्पिटलच्या जवळपास नव्हतो. पण अंगावर कापड तेच होतं. म्हणून जायला इतकी वर्षं लागली, भीती टायगरची नव्हती, तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसानं तोंडाकडं बघून ओळखलं तर काय बोलायचं याची होती.

आता जायचं कसं ते. चेन्नईवरून जाफन्याला इंडिगोचं छोटं पंख्याचं विमान जातं, सव्वा तासाच्या आसपास लागतो, सीटबेल्ट सोडतोय तोवर खाली समुद्र आणि मग लाल जमीन दिसायला लागते. ईटीए म्हणजे तिकडं शिरायची परवानगी ऑनलाइन काढावी लागते, जावयानं काढून दिली. विमान जिथं उतरतं तो एअरपोर्ट म्हणजे आमची पलालीच, २०१९ मध्ये त्याचा इंटरनॅशनल एअरपोर्ट केला. चाकं टेकली तेव्हा हिनं माझा हात धरला होता, मला ते नंतर कळलं. बाहेर आलो तर एक पोरगी हातात फुगा घेऊन कुणाची तरी वाट बघत उभी होती. बाजूला आपल्या जवानांचं स्मारक आहे, २०१५ मध्ये नव्यानं बांधलेलं, पण तो भाग लष्कराचा आहे त्यामुळे कुणाला आत जायचं असेल तर जाफन्यात आपलं कॉन्सुलेट आहे तिथं आधी विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं, रस्त्यावरनंच हात जोडले.

घर नल्लूर कंदस्वामी मंदिराच्या मागच्या अंगाला आहे, चालत सात-आठ मिनिटं. बोर्ड नाही, आणि नाव इथं टाकू नका असं मालकीणबाईंनी स्वतः सांगितलंय त्यामुळे टाकत नाही, तीनच खोल्या आहेत आणि गर्दी त्यांना झेपणार नाही. रात्रीचे सहा हजार श्रीलंकन रुपये, नाश्ता धरून, आपले साधारण सतराशे होतात. जुनं घर आहे, लाल कौलं, पुढं रुंद ओसरी आणि ओसरीवर दोन लाकडी आरामखुर्च्या, हात ठेवायच्या पट्ट्या इतक्या लांब की त्यावर पाय टाकून झोपता येतं. अंगणात विहीर, शेवगा, आंबा, आणि मागच्या बाजूला सहा ताड. ते ताड बघितले आणि मी हिला म्हणलं दुसरीकडं बघूया का. ती म्हणाली, "अहो, पैसे दिलेत, आणि पाय दुखतायत माझे."

ताडाचं काय ते सांगतो. ताडाची वाळकी झावळी वाऱ्यानं खोडावर घासते तेव्हा जो आवाज येतो तो पाचोळ्यावरनं माणूस दबकत चालल्यासारखा येतो, हुबेहूब. १९८८ मध्ये आमची पिकेट, म्हणजे पहाऱ्याची चौकी, एका शाळेत होती, बाकं रचून मोर्चा केलेला, दोन तास ड्यूटी दोन तास आराम असं रात्रभर चालायचं, आणि त्या शाळेच्या मागं ताडाची रांग होती. नवीन पोरं त्या आवाजावर फायर टाकायची. जुनी टाकायची नाहीत पण झोपायची पण नाहीत. बूट पायात, एसएलआरचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, डोळे मिटलेले आणि कान उघडे, याला आम्ही आराम म्हणायचो. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यार घेऊन तयार. सव्वादोन वर्षं असं केलं की शरीराला तेच खरं वाटायला लागतं.

मधे एकदा मोठ्या ऑपरेशननंतर कंपनीला चार दिवस आरामाला पलालीला मागं आणलं होतं. तंबू, गरम पाणी, बडा खाना, रम, व्हीसीआरवर पिक्चर, सगळं होतं, साहेबांनी हुकूमच काढला की चार दिवस कुणी कुणाला उठवायचं नाही. पहिल्या रात्री मी जागा झालो, घड्याळात साडेचार, आणि तंबूत बघतो तर सगळे उठून बसलेले, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, एकजण बुटाची लेस बांधत होता. त्या चार दिवसांत मी जितका थकलो तितका गस्तीवर थकलो नसेन, कारण गस्तीवर निदान करायला काम असायचं.

१९८९ च्या शेवटी आमची पलटण परत आली, जहाजानं मद्रासला. पूर्ण सैन्य निघालं ते २४ मार्च १९९० ला, त्रिंकोमालीहून, आणि मद्रासला शेवटच्या तुकडीच्या स्वागताला तिथले मुख्यमंत्री आले नव्हते, हे मी नंतर पेपरात वाचलं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नव्हतं कारण मी तोवर घरी होतो आणि माझी लढाई गोधडीशी चालली होती. दोन महिन्यांची सुट्टी मिळाली होती. दादरच्या गाडीनं पुणे, पुण्याहून एसटी, काळी पेटी टपावर. आईनं मधल्या खोलीत नवी वाकळ अंथरलेली, तिच्या हातची, जुन्या लुगड्यांची. मला तिथं झोप येईना, मी उंबऱ्याजवळ भिंतीला पाठ लावून पडलो, दार दिसेल असं. तिसऱ्या का चौथ्या रात्री थंडी होती म्हणून आई ती वाकळ घेऊन मला पांघरायला आली आणि मी झोपेत तिचं मनगट धरलं. इतकं जोरात धरलं की हातातली बांगडी फुटली, काच तिच्या हातात घुसली, आणि मी जागा झालो तेव्हा ती ओरडली नव्हती, नुसती उभी होती. आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत. रक्त पदरानं पुसत ती म्हणाली, "वाढली रे, सोमवारी बाजारात नवी भरीन." वडिलांना तिनं सांगितलं की घागर लागली. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आणि हे मी पहिल्यांदा लिहितोय.

नंतर नोकरीची बाकीची वर्षं, मग पेन्शन, मग पुण्यात एका कंपनीत सिक्युरिटी, ती पण कायम नाईट. लोक नाईट टाळतात, मी मागून घ्यायचो. एकदा एका डॉक्टरला झोपेचं सांगितलं तर त्यांनी बीपी बघितलं आणि फौजी माणसाला काय होतंय म्हणून परत पाठवलं. मग कुणाला सांगितलं नाही. अशी माणसं आमच्या पंचक्रोशीत अजून आहेत, काहींनी दारूत घालवली, त्यांच्या घरच्यांसाठी पण हे लिहितोय.

तर होमस्टेकडं परत येतो. मालकीणबाई सत्तरीच्या, रिटायर्ड गणिताच्या टीचर, मुलगा कॅनडात. इंग्लिश सावकाश आणि स्वच्छ बोलतात त्यामुळे माझ्यासारख्यालाही समजतं. हिनं त्यांना पहिल्याच दिवशी अक्का म्हणून हाक मारली, आपल्या सवयीनं, आणि त्या चमकल्या, कारण तमिळमध्येही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. तिथून दोघींचं जे जमलं ते जमलंच, एकीला मराठीशिवाय काही येत नाही आणि दुसरीला मराठी येत नाही, पण स्वयंपाकघरात नारळ खवताना तासतासभर बोलत बसायच्या. मला त्यांनी तंबी म्हणलं, म्हणजे धाकटा भाऊ. हे शब्द मला येत होते. अक्का, तंबी, तण्णी म्हणजे पाणी, निल्लु म्हणजे थांब. शेवटचा मी सगळ्यात जास्त वापरला होता, चेकपोस्टवर, सायकलवरच्या माणसांना, बायकांना, शाळेच्या पोरींना. अक्कांना मात्र मी त्या दिवशी यातलं काही बोललो नाही, रजिस्टरमध्ये व्यवसाय रिटायर्ड एवढंच लिहिलं.

पहिल्या रात्री झोपलो नाही. झावळ्या वाजत होत्या. पुढच्या दाराची कडी तीनदा उठून बघितली. साडेचारला अंथरूण आवरलं आणि ओसरीवर जाऊन बसलो.

सकाळी अक्का खोलीत पाण्याचा जग ठेवायला गेल्या आणि बाहेर आल्या त्या माझ्याकडं बघतच आल्या. कांबळीची घडी. रिक्रूट असताना बेळगावला उस्तादानं शिकवलेली, चारही कोपरे जुळलेले, कडा धारदार, वर चादर अशी की नाणं टाकलं तर उडावं. जवळजवळ चाळीस वर्षं हात आपोआप तीच घडी घालतायत. त्या म्हणाल्या, "आर्मी?" मी हो म्हणलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "अमैदिप्पडै?" शांतीसेनेला तमिळमध्ये हेच म्हणतात. खोटं बोलता आलं असतं, कितीतरी फौजी श्रीलंकेला गेलेच नाहीत. मी मान हलवली. त्या आत गेल्या. नाश्ता आला, पुट्टू आणि केळी, सगळं वेळेवर, पण वाढायला कामवाली मुलगी आली. त्या दिवशी मला कुणी तंबी म्हणलं नाही.

आम्ही बाहेर पडलो, किल्ला बघितला, आधी पोर्तुगीजांचा मग डचांचा, तटावरनं खाडी छान दिसते पण मला काही दिसत नव्हतं. लायब्ररी बघितली, १९८१ मध्ये जाळलेली, जवळजवळ ९७००० पुस्तकं गेली होती, आता पांढरीशुभ्र उभी आहे, आत पोरं अभ्यास करत होती, आम्ही बाहेरच्या पायरीवर बसलो. ही म्हणाली, "आपण उद्याच परत जाऊ." मी म्हणलं तिकीट बदलायला पैसे पडतात. खरं म्हणजे मला जायचं नव्हतं.

त्या रात्री लाईट गेली. मी ओसरीवर बसलो होतो, ही आत झोपलेली. अक्का कंदील घेऊन आल्या, दुसऱ्या खुर्चीत बसल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगतात तसं, एकामागून एक. ऑक्टोबर १९८७ मध्ये शेलिंग सुरू झालं तेव्हा आख्खी गल्ली नल्लूरच्या मंदिरात जाऊन राहिली होती, हजारो माणसं, पावसाचे दिवस, पोरं रडतायत, पाण्याला रांग. त्यांची आई, त्या, आणि धाकटा भाऊ. सहाव्या दिवशी तांदूळ संपला म्हणून भाऊ घरी तांदूळ आणायला गेला, याच घरी. परत आला नाही. शेल होता का गोळी, आणि गोळी असली तर कुणाची, कुणी बघितलं नाही. पिशवी सापडली गल्लीच्या तोंडाला, तांदूळ भरलेली, म्हणजे तो घरी पोचून परत निघाला होता.

मी म्हणलं, अक्का, मी तेव्हा २१ वर्षांचा होतो. त्या म्हणाल्या, तो १९ चा होता.

माझ्या तोंडून माफी मागायचा शब्द निघाला पण इंग्लिशमध्ये तो इतका छोटा शब्द आहे की मला लाज वाटली, म्हणून मी तोच परत मराठीत म्हणलं, त्यांना समजणार नाही हे माहीत असून. त्यांनी ऐकून घेतलं. ताडाच्या झावळ्या वाजत होत्या. त्या म्हणाल्या, तेव्हा आम्ही पण हा आवाज ऐकून उठायचो, वाटायचं तुमचे लोक आले. मी म्हणलं, आम्हाला वाटायचं तुमचे. मग त्या उठल्या, कंदील माझ्याजवळ ठेवला आणि जाता जाता म्हणाल्या की पुढच्या दाराला कडी लावू नकोस, मी साडेचारला पूजेची फुलं काढायला बाहेर जाते, कडी काढताना आवाज होतो आणि तुझी बायको उठेल.

मी कडी लावली नाही. झोपलो असंही नाही, पण उठून दार बघितलं नाही. साडेचारला दार करकरलं, अनवाणी पावलं अंगणात गेली, जास्वंदीच्या फांद्या हलल्या, आणि मला कळत होतं की कुणीतरी जागं आहे, बाहेर आहे, आणि ते माझं काम नाही. सकाळी ओसरीवर बिनदुधाचा चहा आला, सोबत ताडगुळाचा खडा, तिकडं चहात साखर न घालता गूळ चावून वर चहा पितात. कप ठेवताना अक्का म्हणाल्या, "तंबी, टी." मला कप लगेच उचलता आला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनीच थ्रीव्हील सांगून दिली आणि आम्हाला कीरीमलईला पाठवलं, जावंच असं ठिकाण आहे. कांकेसंतुराईजवळ समुद्राला लागून दगडी टाकं बांधलंय, त्यात जमिनीतनं गोड्या पाण्याचे झरे येतात, एका भिंतीपलीकडं खारट समुद्र आपटतोय आणि अलीकडं गोडं गार पाणी. पुरुषांचं टाकं वेगळं, बायकांचं वेगळं. शेजारी नगुलेश्वरम हे शंकराचं जुनं देऊळ. लढाईमुळं हा पट्टा कितीतरी वर्षं लोकांना बंद होता. मी पाण्यात गळ्यापर्यंत तासभर बसलो. शेजारी एक माझ्याच वयाचा माणूस नातवाला पोहायला शिकवत होता, पोटाखाली हात धरून, आणि पोरगं पाय आपटून माझ्या तोंडावर पाणी उडवत होतं. तो मला तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, बहुतेक राग मानू नका असं, मी हसलो. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तिकडं असे बरेच दिसतात, सुरुंग काढायचं काम लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी चालूच आहे, २००९ मध्ये लढाई संपली पण जमिनीतलं संपलं नाही.

परत येताना नल्लूरच्या देवळात गेलो. पुरुषांना शर्ट काढून जावं लागतं, सगळ्यांना, मोठा असो का छोटा. माझ्या उजव्या खांद्यावर स्प्लिंटरची खूण आहे, तिथं उघड्या अंगानं उभा राहिलो तेव्हा वाटलं आता सगळ्यांना दिसतंय, आणि कुणी बघत नव्हतं, सगळे देवाकडं बघत होते. या दगडांवर त्या ऑक्टोबरात हजारो माणसं झोपली होती. अक्कांचा भाऊ कुठल्या दारानं बाहेर पडला असेल ते मी शोधत राहिलो. मग आम्ही जवळच रिओमध्ये आईस्क्रीम खाल्लं, तिथं संध्याकाळी आख्खं गाव असतं, कॉलेजची पोरंपोरी, म्हाताऱ्या बायका, फार बरं वाटलं.

त्या रात्री मी नऊला पडलो. पंखा कटकट करत होता, झावळ्या वाजत होत्या, दाराला कडी नव्हती. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तर कौलाच्या काचेतनं ऊन गादीवर आलेलं, ही खाटेच्या कडेला बसून माझ्याकडं बघत होती, डोळे पाण्यानं भरलेले. म्हणाली, "सात वाजले. साडेचारपासनं बघतेय, वाटलं काही झालंय का तुम्हाला, दोनदा नाकापुढं बोट धरलं." चौथ्या रात्री पण तसंच. त्या दिवशी घडी हिनं घातली, आपल्या पद्धतीनं, गुंडाळी करून.

हे औषध आहे असं मी कुणाला सांगत नाही. घरी आल्यावर पहिला आठवडा चांगला गेला, आता परत कधी साडेचार, कधी साडेपाच. पण साडेचारला जाग आली तरी आता मी उठून दार बघत नाही, पडून राहतो.

जेवणाचं राहिलं. संध्याकाळचं जेवण आधी सांगावं लागतं, त्याचे वेगळे पैसे, जास्त नाहीत. इडियाप्पम म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, आणि सोदी म्हणून नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा असतो तो जरूर खा. खेकड्याचा रस्सा तिखट आहे, आपल्याकडच्या माणसाला आवडणारच. एकदा कूळ केलं होतं, ताडाच्या कोंबाचं पीठ घालून मासे, कोळंबी, खेकडे, शेंगा सगळं एकत्र उकळलेलं दाट सूप, ते वाडग्यातनं पितात, मला फार आवडलं, हिला वास चालला नाही. शुक्रवारी घरात वशाट शिजत नाही, आग्रह करू नका. पिण्याचं पाणी फिल्टरचं देतात, विहिरीचं फक्त अंघोळीला, केस धुवायला हिनं बाटलीचं पाणी वापरलं. ज्यांना कमोड लागतो त्यांनी रस्त्याकडची खोली मागून घ्या. गुडघ्याचा त्रास असेल तर ओसरीला चार उंच पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, हे मालकीणबाईंना सांगितलंय, करून घेते म्हणाल्या. डासांची उदबत्ती घरनं न्या. फेब्रुवारी चांगला, उकाडा कमी असतो.

आणि कुणी माजी सैनिक जाणार असतील तर त्यांना एवढंच सांगतो की विचारलं तर खरं सांगा, आणि विचारलं नाही तर आपणहून सुरू करू नका, त्यांच्या घरात कोण गेलंय ते आपल्याला माहीत नसतं.

आम्ही जूनमध्ये परत जातोय. तिकडचा करुत्तकोळुंबान आंबा तेव्हा येतो असं अक्कांनी फोनवर सांगितलं, हिनं त्यांच्यासाठी काळा मसाला आत्ताच कांडून ठेवलाय आणि साताऱ्याचे कंदी पेढे विमानात नेऊ देतात का ते जावयाला विचारायला लावलंय. खोली तीच मागितली आहे, मागच्या बाजूची, ताडांकडची.